थोरला, धाकटा आणि मास्तरांचा डावा हात

मी कीबोर्ड बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचं म्हणणं पडद्यावर पोचवलं, स्वतःचं म्हणून एक अक्षर कधी उमटवलं नाही. आज मात्र बोलणार आहे. तेव्हा जरा टेका, आणि हातात बिस्किट असेल तर ते आधी संपवा. माझ्यावर चुरा सांडू नका.

माझा जन्म कारखान्यातला. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग बसवली, वर टोपी घातली, आणि टोपीवर अक्षर सगळ्यात शेवटी छापलं. तोवर मी निरक्षरच होतो म्हणा ना. मला दाबणारं पहिलं बोट लोखंडाचं होतं. परीक्षा घेणाऱ्या त्या यंत्राने माझं एकेक बटण इतकं ठोकलं, की मला वाटलं, जगात येता येताच आपला निकाल लागणार. पण टिकलो. हाड दणकट निघालं. हल्लीचे कीबोर्ड बघतो, तर चपटे, मुखदुर्बळ, कितीही दाबा, हूं की चूं नाही. मी पहिल्यापासून बोलका. माझं टकटक शेजारच्या खोलीत ऐकू जायचं.

कारखान्यातून निघालो तो थेट एका हॉस्पिटलच्या तळघरात आलो. संगणकाची खोली तिथे होती. पलीकडे धुलाईखाना, त्यामुळे भिंत कायम कोमट आणि हवेला साबणाचा वास. वरच्या मजल्यांवर माणसं जगत-मरत होती, आणि खाली आम्ही त्यांच्या घंटा सांभाळत होतो. सांगतो कशा ते. रुग्णाच्या प्रत्येक खाटेशी एक बटण असतं. ते दाबलं की सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजते. कुठल्या खाटेचं बटण दाबल्यावर कुठल्या टेबलावर घंटा वाजवायची, हे आमच्या संगणकातल्या एका फाइलमध्ये लिहिलेलं असायचं. एका खाटेला एक ओळ. ओळ आहे तर घंटा आहे.

ही फाइल ज्यांच्या ताब्यात, ते आमचे मास्तर. मास्तर हे टोपणनाव. नोकरी संगणकाची, पण येईल त्याला शिकवण्याची खोड. वीज दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा त्यांच्याकडून काहीतरी शिकूनच परत जायचा. मला माणसं बोटांवरून कळतात. कोणी रागावला की एंटरवर असा हात आपटतो, की जणू घराचं दारच लावतोय. कोणी शब्द शोधत असला की उगाच स्पेस कुरवाळत बसतो. मास्तरांची बोटं मात्र कधी अडली नाहीत, कधी आपटली नाहीत. ती आली की मला स्वतःचाच अभिमान वाटायचा.

आता थोरल्या-धाकट्याचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यावरूनच घडलं. मास्तर माउस फिरवत चित्रांच्या खिडक्या उघडून काम करणाऱ्यांतले नव्हते. त्यांचा काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि हुकूम द्यायला मी. काळ्या पडद्यावर फाइलमध्ये काही बदलायचं तर एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा-खोडायचा प्रोग्राम, उघडावा लागतो. आमच्या यंत्रात दोन एडिटर होते. मास्तरांनी त्यांची नावं पाडली होती, थोरला आणि धाकटा.

धाकटा साधा सरळ. जे अक्षर दाबाल ते उमटणार. पडद्याच्या तळाशी दोन ओळींत सगळं मांडून ठेवलेलं : जतन करायचं तर हे दाबा, शोधायचं तर हे, बाहेर पडायचं तर हे. डोक्यात काही ठेवायला नको.

थोरल्याचा कारभार निराळा. त्याच्याकडे गेलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, हुकूम होतो. एक्स दाबलं की एक अक्षर गेलं. डी दोनदा दाबलं की अख्खी ओळ गेली. काही लिहायचं असेल तर आधी लिहिण्याची परवानगी घ्यायची, लिहून झालं की एस्केप दाबून पुन्हा हुकमाच्या गादीवर बसायचं. आणि बाहेर पडायचं कसं, हे बसल्या जागी काही सापडायचं नाही. औषधभांडाराचा एक कारकून एकदा हौसेने आत शिरला. बाहेर यायची वाट सापडेना, तेव्हा त्याने इकडेतिकडे बघून यंत्राची वायरच उपटली आणि जेवायला निघून गेला.

पण हात बसला की थोरल्यासारखा चाकर नाही, हेही खरं. अख्ख्या मजल्याच्या खाटांचे क्रमांक बदलायचे असले तर मास्तर चार-सहा बटणं दाबायचे आणि सगळ्या ओळी एका दमात पालटायच्या. बघणाऱ्याला जादू वाटावी.

म्हणूनच त्यांनी खोलीचा नियम करून टाकला होता. दारामागे चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत होतं : ‘या खोलीत धाकटा चालणार नाही.’ नव्या माणसाला खोलीची किल्ली मिळायची ती परीक्षा दिल्यावर. मास्तरांनी मागे उभं राहायचं, आणि त्याने थोरल्यात घंटांची फाइल उघडून एक खाट घालायची, एक काढायची, आणि सुखरूप बाहेर यायचं. नापास झालेले बरेच. त्यांची गोष्ट मास्तर कॅन्टीनमध्ये रंगवून सांगायचे.

अशा खोलीत ऑपरेटरबाई आल्या. त्या हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसायच्या. फोनचा तो जुना बोर्ड निघाला आणि बाईंची खुर्चीही गेली. मग कधी चौकशीची खिडकी, कधी धुलाईखान्यात चादरींचा हिशेब, असं त्यांचं घोडं इकडून तिकडे हलत राहिलं. शेवटी कोणाला तरी सुचलं की मास्तरांना हाताखाली माणूस हवंय. बाई आल्या, पदराने माझ्यावरची धूळ पुसली, आणि हात रुमालाने कोरडे करून मगच मला लावले. माझ्याशी इतक्या मायेने कोणी वागलं नव्हतं. मी लगेच त्यांचा झालो.

बाईंनी पहिल्याच दिवशी धाकटा उघडला. मास्तरांनी मागून पाहिलं आणि म्हणाले, “बाई, तो लहान मुलांचा.”

“सर, खाली लिहिलेलं असतं ना, बाहेर कसं पडायचं ते,” बाई म्हणाल्या.

“थोरला शिका. पुन्हा याचं तोंड बघणार नाही.”

“शिकते. पण बोर्डावर असताना एक कळलेलं सांगू? एकदम दहा फोन आले की डोकं जागेवर नसतं. तेव्हा हात घालीन तिथे चूक होणार नाही, असंच साधन बरं.”

मास्तर हसले. दारामागच्या कागदाकडे बोट दाखवून चहाला गेले. बाई मुकाट्याने थोरला शिकू लागल्या. हात सावकाश चालायचा. परवानगी घ्यायची विसरून लिहायला लागायच्या आणि थोरला त्या अक्षरांचे हुकूम समजून फाइलची वाट लावायचा. मग न जतन करता बाहेर पडायचं, पुन्हा आत जायचं. पण एके दिवशी मास्तरांची ती मजलाभर खाटा पालटण्याची करामत त्यांना जमली, आणि त्या खुर्चीतल्या खुर्चीत अशा खुलल्या, की मास्तरांनी आपल्या डब्यातलं निम्मं त्यांच्यापुढे सरकवलं. दोघांचं जमत आलं होतं, तेवढ्यात मला मास्तरांचा डावा हात जाणवला.

आधी थोडंच होतं. डाव्या हाताची बोटं माझ्यावर यायच्या आधी हवेत थरथरायची. मग एका अक्षराची दोन व्हायला लागली. पासवर्ड चुकायचा, पुन्हा टाकायचे, पुन्हा चुकायचा. “म्हातारा झाला हा,” असं मला म्हणायचे. मला उलटं करून झटकलं. माझी डावीकडची बटणं उपटली, खाली ब्रशने साफ केलं, पुन्हा बसवली. मी काय बोलणार? माझ्या स्प्रिंगा ठणठणीत होत्या. त्याच बटणांवर बाईंची बोटं पडायची तेव्हा एकाचं एकच उमटायचं. बाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. एकदा मास्तर उठल्यावर त्यांनी डी हळूच दाबून पाहिलं, पुन्हा दाबून पाहिलं, आणि मास्तरांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. पण म्हणाल्या काही नाही. इतक्या मोठ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

मग तो दिवस आला. सकाळी बाईंनी सरावासाठी थोरल्यात घंटांची फाइल उघडली होती, आणि काही न बदलता बंद केली होती. दुपारी बायकांच्या वॉर्डातून सिस्टरचा फोन आला : एक खाट मोडलीय, दुरुस्तीला पाठवलीय, तिची घंटा काढून टाका. मास्तरांनी फोन उजव्या खांद्याशी धरला, बोलता बोलताच डाव्या हाताने काम उरकायला घेतलं. पडद्याकडे न बघता काम करणं ही त्यांची ऐट होती. त्या खाटेच्या ओळीवर गेले आणि डी दोनदा दाबलं. हात थरथरला. दोनाचे चार झाले. चार डी म्हणजे दोन ओळी. मोडक्या खाटेची गेली, आणि तिच्याखालची, शेजारच्या खाटेची, तीही गेली. खालच्या ओळी गपकन वर सरकल्या, त्यामुळे फाइल दिसायला जशीच्या तशी. मास्तरांनी जतन केली आणि सिस्टरना म्हणाले, झालं.

मला कळलं होतं. चारही ठोके माझ्याच अंगावर पडले होते. पण ज्याला बोलता येत नाही त्याला कळून उपयोग काय, हे त्या दुपारी मला समजलं.

त्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांनी पाण्यासाठी बटण दाबलं. कोणी येईना. पुन्हा दाबलं. शेवटी स्वतःच उठल्या, तोल गेला, आणि कपाळ खाटेच्या कडेवर आपटलं. टाके पडले. सिस्टर तळघरात आल्या त्या तावातावानेच. फाइल उघडली, तर आजींच्या खाटेची ओळच नाही.

आपण मोडक्या खाटेची एकच ओळ काढली, अशी मास्तरांची पक्की खात्री होती. ते खोटं बोलत नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगतो. मग दुसरं कोण? सकाळी फाइल कोणी उघडली होती? सगळ्यांचे डोळे बाईंकडे वळले. हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या की मी काही बदललं नव्हतं असं वाटतं, पण थोरल्यात माझा हात अजून कच्चा आहे, झालंही असेल माझ्याकडून. भोळं माणूस ते, आपल्याच गळ्यात फास घालून घेतला. साहेबांनी सांगितलं, आठवड्याअखेर चादरींच्या हिशेबावर परत जा. बाईंनी मान हलवली. खाली आल्या, आणि माझ्यावर हात ठेवून नुसत्याच बसून राहिल्या. बोटं गार पडली होती. जी खुर्ची एवढ्या कष्टाने मिळवली, तीही चालली होती.

मास्तरांना हे लागलं. बाई निष्काळजी नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सगळा राग माझ्यावर काढला. हाच नासका कीबोर्ड, याच्यापायी बाईंकडून डी जास्त पडले असतील, असं म्हणून त्यांनी नवा मागवला आणि मला कपाटावर ठेवून दिलं. मी म्हटलं, चालेल. माझ्यावर घ्या, पण बाईंना सोडा.

नवा आला. चपटा, गुळगुळीत. मास्तरांनी त्यावर पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. मला वरून ऐकू येत होतं, तो बिचारा अगदी हळू वाजायचा, पण तीच दुहेरी टकटक. मास्तरांनी हात मागे घेतले. मग डावा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ, कोण जाणे. धुलाईखान्यातली यंत्रं थांबली तरी ते तसेच बसले होते.

मग ते कोणालाही न सांगता वॉर्डात आजींना भेटायला गेले. परत आले तेव्हा बाई आपलं सामान पिशवीत भरत होत्या.

“बाई, बसा जरा,” मास्तर म्हणाले. “आजींना विचारलं, बटण दाबून कोणी आलं नाही, तर ओरडला का नाहीत? तर म्हणतात, मला वाटलं माझ्याच बोटात जोर राहिला नाही, मीच नीट दाबत नसेन.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “जी चूक त्यांची नव्हतीच, ती त्या अंगावर घेऊन बसल्या. तुम्हीही तेच केलंत. आणि ज्याचा हात कापतो तो मात्र कीबोर्ड बदलत बसला.”

बाईंनी पिशवी खाली ठेवली. मग हलकेच म्हणाल्या, “सर, वर सांगताना कीबोर्डच खराब होता म्हणू या. तुमच्या नोकरीची थोडीच वर्षं उरलीत. तो बिचारा काही तक्रार करायचा नाही.”

खरं सांगतो, मी तयार होतो. मास्तरांसाठी तेवढं मी आनंदाने केलं असतं.

मास्तरांनी मान वर करून कपाटाकडे पाहिलं. “नको,” ते म्हणाले. “मी जे दाबलं तेच त्याने लिहिलं. इतक्या वर्षांत एकदाही खोटं लिहिलं नाही.”

आणि जिना चढून साहेबांकडे गेले. मला अश्रू नाहीत, हे माझं भाग्यच. नाहीतर त्या दिवशी गंजलो असतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी तपासलं. नसांचा आजार होता, गोळ्यांनी थोडा आवरतो, जात नाही. बाईंची खुर्ची राहिली. साहेबांनी मास्तरांना निवृत्तीपर्यंत राहू दिलं, पण घंटांच्या फाइलला हात लावायचा नाही असं ठरवायला निघाले. तेव्हा बाईच आड आल्या. सर हात लावतील, मी शेजारी बसेन, आणि फाइल धाकट्यात उघडू, असं त्या साहेबांना सांगून आल्या. साहेबांना थोरला-धाकटा कोण ते कळलं नाही. त्यांना वाटलं, मास्तरांचे भाऊ असतील. त्यांनी हो म्हटलं.

मला कपाटावरून उतरवलं. मास्तर माझ्यापुढे बसले आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धाकटा उघडला. एवढा मोठा माणूस, पण शाळेत नव्याने आलेल्या पोरासारखा अवघडून गेला होता. तळाच्या दोन ओळी त्यांनी ओठ हलवत वाचल्या. एक खाट लिहायला घेतली, हात थरथरला, आणि एका अक्षराची तीन उमटली. उमटली, एवढंच. ओळ गेली नाही, कोणाची घंटा मुकी झाली नाही. जास्तीची अक्षरं डोळ्यांसमोर दिसत होती. त्यांनी ती सावकाश पुसली.

“बाई,” ते म्हणाले, “हे खाली लिहिलंय ते दाबलं की खरंच बाहेर पडता येतं?”

“पडून बघा की सर.”

ते पडले. आणि दोघंही हसायला लागली. थांबेचनात. पलीकडून धुलाईखान्यातली माणसं काय झालं म्हणून डोकावून गेली.

दारामागचा कागद मास्तरांनी स्वतःच काढला. नवा काही लावला नाही. मोठी कामं, मजलेच्या मजले पालटायची, ती बाई थोरल्यात करायच्या. मास्तर मागे उभे राहून तोंडी हुकूम सांगायचे. एक-दोन खाटांचं काम मास्तर धाकट्यात करायचे, आणि बाई शेजारी स्वेटर विणत बसायच्या. नव्या माणसांची परीक्षा मात्र चालू राहिली. फरक इतकाच, की परीक्षेला बसणाऱ्याला बाई आधी विचारायच्या, कुठला उघडू? जो तो आपल्या हाताला झेपेल तो सांगायचा. पूर्वी जे नापास झाले होते त्यांतले दोघे पुन्हा आले. तो वायर उपटणारा कारकूनही आला.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा हॉस्पिटलने त्यांना घड्याळ दिलं. बाईंनी मला दिलं. धुऊन-पुसून, जुन्या चादरीत गुंडाळून. आता मी मास्तरांच्या घरी खिडकीशी असतो. माझ्या डीवरचं अक्षर पार पुसलं गेलंय, स्पेसला एका बाजूने खळगा पडलाय. सकाळची गोळी लागू पडली की मास्तर येऊन बसतात आणि लिहितात. काय लिहितात, सांगू? थोरल्याचे सगळे हुकूम, त्याच्या खोडी, त्याच्या करामती, तळघरात नव्याने येणाऱ्या माणसांसाठी. आणि लिहितात ते धाकट्यात. एखाद्या दिवशी हात फारच कापतो. मग पडद्यावर एकच अक्षर ओळभर धावत जातं. तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून येतात आणि तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून नुसत्या उभ्या राहतात. हात निवतो. मग मास्तर जास्तीची अक्षरं पुसतात आणि पुढे लिहितात.

माझे किती दिवस उरलेत, ठाऊक नाही. स्प्रिंगा आता खरंच थकल्यात. स्वतःसाठी काही मागणं नाही. थोरला वापरा, धाकटा वापरा, ज्याचा हात ज्याला ओळखतो तो वापरा, आणि दुसऱ्याला हसू नका. पण एक विनवणी आहे. तुमच्या घरात कोणाच्या एका अक्षराची दोन व्हायला लागली, तर लगेच कीबोर्ड बदलायला धावू नका. आधी त्यांचा हात हातात घेऊन बघा.